थकबाकीदार पूर्वज

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात पूर्वजांची आठवण काढण्याचे दोन मोसम आहेत. एक भाद्रपदात, पितृपंधरवड्यात. दुसरा जूनमध्ये, कॉलेजप्रवेशाच्या दिवसांत. भाद्रपदातल्या पूर्वजांकडून कुणाच्या फारशा अपेक्षा नसतात. त्यांनी कावळ्याच्या रूपाने गॅलरीच्या कठड्यावर यावं, भाताला चोच लावावी आणि घरच्यांची लोकल चुकायच्या आत उडून जावं, एवढंच. गुरुजीही तीनच पिढ्यांची नावं विचारतात: वडील, आजोबा, पणजोबा. गोत्र आठवत नसेल तर काश्यप सांगून वेळ मारून नेता येते. माणूस विसरणारच, हे धर्मशास्त्राने आधीच धरून ठेवलं आहे. सरकारी कचेरीने धरलेलं नाही. जूनमधल्या पूर्वजाला हात हलवत येता येत नाही, कागद घेऊन यावं लागतं. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना आपलं घर कुठे नांदत होतं ते दाखवावं लागतं. मग ज्या मुलाने गाव फक्त गणपतीत पाहिलं, आणि तेही मोबाइलला रेंज नाही म्हणून कुरकुरत, त्याचा बाप मंडणगडच्या किंवा संगमेश्वरच्या तहसिलीत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र घेऊन उभा राहतो. पणजोबांचं खरं नाव त्याला बहुधा तिथेच पहिल्यांदा कळतं.

अशा शोधाला निघालेल्या माणसाच्या मनात पूर्वजाचं एक चित्र तयार असतं. त्यात घोडा असतो, तलवार असते, अगदीच काही नाही तर पगडी आणि करारी मिशा तरी असतात. हाती लागतं ते निराळंच: शेतसाऱ्याची बाकी, बैलासाठी उचललेलं कर्ज, चुलत्याशी बांधावरून झालेला तंटा. शोधणारा खट्टू होतो. त्याला वाटतं, आपल्याच घराण्याचं नशीब फुटकं. पण यात नशिबाचा काही संबंध नाही. पूर्वज सापडतो तो कुणाचं तरी देणं लागत होता म्हणूनच सापडतो. ते देणं राजाचं असेल, सावकाराचं असेल, देवाचं असेल किंवा भावाचं असेल. जुन्या काळी कागद महाग होता, शाई खलावी लागे आणि लिहिणारा कारकून त्या दोन्हींहून दुर्मीळ होता. एवढा खटाटोप पणतवंडांची हौस पुरवायला कुणी करत नसतं. कागद होई तो वसुलीसाठी. ज्याच्याकडून काही येणं नव्हतं, त्याचं नाव लिहून ठेवायला कुणाला कारणच नव्हतं. सगळं वेळच्या वेळी चुकतं करून, कुणाच्या अध्यातमध्यात न पडता गेलेला माणूस स्वर्गात गेला असेल. दप्तरात गेलेला नाही.

हे फक्त आपल्याकडचं असतं तर मराठी माणसाच्या कपाळाला बोल लावून मोकळं होता आलं असतं. पण पूर्वज शोधण्याला ज्यांनी राष्ट्रीय छंदाची प्रतिष्ठा दिली, त्या आयरिश लोकांचीही हीच कथा आहे. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं अमेरिकेला, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेली आणि आता त्यांची पतवंडं मूळ गाव शोधत डब्लिनला येतात. तिथे त्यांना कळतं की १९२२च्या यादवीत फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना जळून गेला. १८२१ ते १८५१ या शिरगणत्यांचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१चे सरकारने आपल्याच हाताने नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्याला गेले. जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली तीच १८६४मध्ये. मग दुष्काळाआधीचा खापरपणजोबा सापडतो कुठे? करवसुलीच्या कागदांत. १८२३ ते १८३७ या काळात प्रॉटेस्टंट चर्चला द्यायच्या दशमांश कराच्या याद्या झाल्या. हा कर कॅथलिक शेतकऱ्याच्याही बोकांडी होता, म्हणून तो त्या यादीत आहे. १८४७ ते १८६४मध्ये रिचर्ड ग्रिफिथने देशभर घरांचं आणि जमिनींचं मूल्यांकन केलं, तेही कर बसवण्यासाठी. नाहीशा झालेल्या शिरगणतीची जागा आज तेच भरून काढतं. या सगळ्यांहून मोलाची यादी १८३१ सालची. दशमांश कर भरायला ज्यांनी नकार दिला, अशा सुमारे २९ हजार थकबाकीदारांची ती यादी आहे आणि तीत पणजोबा निघाला तर वंशज पेढे वाटायचेच बाकी राहतात. पुढे १८६६पासून कुत्रं पाळायला परवाना लागू लागला. त्या रजिस्टरांत कुत्र्याच्या वर्णनासोबत धन्याचंही नाव-गाव आलं. मोठमोठ्या घराण्यांचे दुवे अशा रीतीने कुत्र्याच्या शेपटीला धरून मागे जातात.

आपल्याकडचा पुरावा याहून बोलका आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून पोट भरायला माणसं दोन दिशांना गेली. एक वाट मुंबईची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि पुढे या रुळांच्या कडेकडेने चाकरमान्यांचं एक नवंच कोकण वसलं. हा चाकरमानी बोटीने मुंबईच्या धक्क्याला उतरला, गिरणीत किंवा पेढीवर लागला, त्याच्या मुलाने डोंबिवलीत खोली घेतली. बोटीचं तिकीट त्याने रोख काढलं होतं. पैसे दिले, व्यवहार मिटला, आणि तो कागदावरून नाहीसा झाला. दुसरी वाट मॉरिशसची. १८३४पासून तिथल्या ऊसमळ्यांवर करारबंद मजूर नेले जाऊ लागले. एकूण साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसं गेली. बहुतेक पूर्वेकडची होती, पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणचे मराठी लोक होते. त्यांच्या प्रवासाचा खर्च मळेवाल्यांच्या खात्यावर, म्हणजे पर्यायाने मजुराच्या घामावर होता. त्यामुळे प्रत्येकाला क्रमांक मिळाला आणि नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण असं सगळं उतरून घेतलं गेलं. १८६०च्या दशकापासून फोटोही निघू लागले. हे मायेपोटी झालं नाही. माणूस मळा सोडून पळालाच तर ओळखून धरता यावा, हा त्यातला हेतू होता. ही दप्तरं आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. परिणाम असा की मॉरिशसच्या मराठी माणसाला आपल्या खापरपणजोबाच्या कपाळावरचा व्रण माहीत असू शकतो आणि डोंबिवलीच्या माणसाला पणजोबा कोणत्या साली मुंबईत उतरला हेही सांगता येत नाही. भाडं भरून आलेला हरवला. देण्यात बांधून नेलेला सापडला.

गावी राहिलेल्या भावाचं काय झालं ते सातबारा सांगतो. सातबारा हा मराठी माणसाचा सर्वांत लाडका वंशवृक्ष. फक्त हा वृक्ष उंच वाढत नाही, आडवा पसरतो. अडीच गुंठ्यांवर सतरा नावं, त्यातली नऊ कैलासवासी, तीन ठाण्यात, दोन बडोद्यात आणि एकाचा पत्ता कुणालाच नाही. काही नावांपुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असं लिहिलेलं असतं आणि पुढे आईचं नाव येतं. त्या अज्ञान बालकाने कालच पंच्याहत्तरी साजरी केलेली असते, पण सातबारा त्याला मोठं होऊ देत नाही. मालकांच्या नावांत मात्र जीव नसतो. खरी माहिती शेजारच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात. तिथे कुळाचं नाव असतं, सोसायटीचा बोजा असतो, विहिरीच्या पाण्यातला हिस्सा असतो आणि तगाई असते. ही तगाई इंग्रजांनी १८८३ आणि १८८४च्या कायद्यांनी नीट बसवून दिलेली सरकारी उसनवारी. विहीर खणायला, बांध घालायला, बी आणि बैल घ्यायला ती मिळे. आजोबा कसे होते, हे मालकाच्या रकान्यातून कळत नाही. पाऊस चुकलेल्या साली त्यांनी बैलासाठी पैसे उचलले, हे इतर हक्कांतून कळतं. माणसाच्या आयुष्यातली एवढी खरी गोष्ट दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदावर सापडणं कठीण.

यावर कुणी म्हणेल, जन्म हे काही देणं नाही. जन्माची नोंद तर प्रत्येकाची होत असेल. तत्त्वतः होते. जन्ममृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९चा, अमलात आला १९७०मध्ये. त्याआधी गावोगाव ‘नमुना नंबर १४’ होता, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात तारीख, बापाचं नाव, जात आणि मूल मुलगा की मुलगी एवढं असे. बाळाचं नाव असायचंच असं नाही, कारण नोंद बारशाआधी होई आणि नंतर नाव सांगायला परत कोण जातो? त्यामुळे ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने घर चिडीचूप होई, ते करारी आजोबा सरकारदरबारी आजतागायत ‘मुलगा’ एवढेच आहेत. नाव मिळतं ते शाळेत. तिथे मास्तरांना पटावर वय दाखवणं भाग होतं, म्हणजे इथेही देणं होतंच, फक्त ते मास्तरांचं होतं. त्यांनी पोराकडे एकदा पाहिलं, सहा-सात वर्षं वजा केली आणि तारीख टाकली: १ जून. महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीचे इतके लोक १ जूनला जन्मले आहेत की त्या दिवशी सुईणींना पाणी प्यायलाही उसंत मिळाली नसावी. सरकारलाही पूर्वजांचा खरा पत्ता ठाऊक आहे. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचा भाव एकदम वधारला आणि शोध शाळा-तलाठ्यांपुरता न थांबता कारागृहांची कैदी रजिस्टरं, पोलिसांचे अटक पंचनामे आणि उत्पादन शुल्क खात्याच्या ताडीच्या नोंदवह्यांपर्यंत गेला. पूर्वज कुठे भेटतील, याबद्दल शासनाचा कसलाही भाबडेपणा नाही.

सर्वांत जोरदार आक्षेप येईल तो कुलवृत्तांतवाल्यांकडून. विसाव्या शतकात आपल्याकडे घराण्याघराण्यांनी कुलवृत्तांत छापले. जाड पुठ्ठा, घडीचा वंशवृक्ष, आणि पहिल्या पानावर कुलदैवताचा फोटो. ते म्हणतील, आमच्या ग्रंथात देणेकरी कुठे आहेत? आमच्याकडे सगळे कर्तबगार. हे म्हणणं शब्दशः खरं आहे. कुलवृत्तांताच्या पाचशे पानांत एकही माणूस आळशी नसतो, एकाचीही नोकरी जात नाही, आणि दारूला कुणी हात लावल्याची नोंद नसते. प्रत्येक जण ‘मनमिळाऊ, परोपकारी, वाचनाची आवड’ असतो. याचं कारण उघड आहे: फॉर्म ज्याने त्याने स्वतः भरलेला असतो. ज्याने भरला नाही त्याची शाखा ‘माहिती उपलब्ध नाही’ या फांदीवर लटकते, आणि ती बहुधा सर्वांत मजेची शाखा असते. घराण्याच्या उगमाशी मात्र सगळ्या ग्रंथांचं एकमत: तीन भाऊ आले. एक इथे राहिला, एक घाटावर गेला आणि एकाचा वंश खुंटला. अमेरिकेतल्या घराण्यांतही तीनच भाऊ समुद्र ओलांडून आल्याचं सांगतात, इतकं की तिकडचे वंशशोधक तीन भावांचं नाव काढताच सावध होतात. दोन भाऊ किंवा चार भाऊ कधी कुठे निघालेच नाहीत, हा मानवजातीच्या इतिहासातला एक थोर योगायोग म्हणायचा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं. ज्याला वेळ आहे त्याने जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत असे दोन-चार ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. आडनावं बदलतात, स्वभाव तोच राहतो.

त्यातही गंमत अशी की याच कुलवृत्तांतांतली जी पानं खरोखर भक्कम असतात, ती पुन्हा तंट्यांवर उभी असतात. वतन कुणाचं, थोरली शाखा कुठली, देवळातला पहिला मान कुणाचा, यावरून भाऊबंद भांडले. गोतसभा बसली, साक्षी झाल्या, महजर झाला, आणि त्या महजरात सात पिढ्या नावानिशी उतरल्या. पुढे इंग्रजांनी १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिलं आणि इनामदारांना विचारलं, जमीन तुम्हाला दिली कुणी आणि तुम्ही त्याचे कोण? इनाम खालसा होणार म्हटल्यावर ज्यांना आजोबांचं श्राद्ध आठवत नव्हतं त्यांनीही निजामशाहीपर्यंतची वंशावळ हजर केली. ती सगळीच खरी होती असं नाही, पण खोडून काढायला चुलतभाऊ टपलेला होता, हे त्यातल्या त्यात समाधान. मराठी समाजावर भाऊबंदकीचा ठपका नेहमी ठेवला जातो. वंशशोधकाने तो ठेवू नये. दोन भाऊ गोडीगुलाबीने राहिले तर मागे काही उरत नाही. कोर्टात गेले तर पणजीच्या माहेरापर्यंत सगळं कैफियतीत येतं. ज्यांच्या घराण्यात कधी भांडण झालं नाही, त्यांनी आपल्या समंजस पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा, पण पुरावा मागू नये.

भाविकांचा आक्षेप निराळा असेल. त्र्यंबकेश्वरच्या आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्पिढ्यांच्या वह्या आहेत. नाव आणि गाव सांगितलं की गुरुजी वही काढतात आणि पणजोबा अमुक शकात येऊन गेल्याचं त्यांच्याच हस्ताक्षरात दाखवतात. इथे कुठली आली वसुली? आली, जरा सोवळ्यात आली इतकंच. कुठल्या गावचा यजमान कुठल्या उपाध्यायाचा, हे ठरवणारा दस्तऐवज म्हणजे ती वही. ती वारशाने जाते, तिच्या वाटण्या होतात. तुमचे पणजोबा तीत आहेत कारण त्यांच्या वंशजांची दक्षिणा कुणाकडे जायची हे तिथे नक्की झालं आहे. त्यात वाईट काही नाही; दक्षिणा घेऊन गुरुजींनी जे सांभाळलं ते फुकटात आपण सांभाळलं नसतं. चर्चच्या रजिस्टरांचंही तेच. ठाण्याला मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चची परंपरा पोर्तुगीज अमदानीतली. विवाहाची नोंद पाद्र्याने ठेवलीच पाहिजे, असं ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३मध्ये ठरवलं ते चोरून लग्नं होऊ नयेत आणि वर्ज्य नात्यात होऊ नयेत म्हणून. देणं पैशाचं नसेल, पण हिशेब होताच. आणि ठाण्यात १८७९चं सिनेगॉग बांधणाऱ्या बेने इस्रायलींनी तर पूर्वजांचा तगादा परक्या भूमीवर सोसला. कोकणच्या गावांची आडनावं घेऊन इस्रायलला गेलेल्या या मराठी ज्यूंना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लग्न लावण्याआधी पिढ्यांचा दाखला विचारला जाऊ लागला. मोठं आंदोलन झालं आणि १९६४मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य झालं. दार आपलं असेल तर पूर्वज विचारत नाहीत. दुसऱ्याच्या दारात उभं राहिलं की विचारतात.

उरला शेवटचा आक्षेप: पूर्वजांना असं थकबाकीदार, भांडकुदळ म्हणणं हा त्यांचा अपमान नाही का? उलट आहे. कर्जदाराची स्तुती कुणी करत नाही, म्हणूनच त्याच्याबद्दल लिहिलेलं खरं असतं. वसुली कारकुनाला नाव चुकवून चालत नाही. सत्कार समितीला चालतं. अॅनी मूरचं उदाहरण पाहा. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचं एलिस आयलंड हे स्थलांतरितांच्या नोंदणीचं ठाणं उघडलं आणि तिथे पहिलं पाऊल आयर्लंडच्या कॉर्कहून आलेल्या या मुलीने टाकलं. पुढे ती टेक्सासला गेली आणि १९२३मध्ये अपघातात वारली असं ठरलं. त्या घराण्याचे मानसन्मान झाले, सगळं रीतसर झालं. २००६मध्ये एका वंशशोधक बाईने कागद तपासले, तेव्हा निघालं की टेक्सासची अॅनी मूर जन्मानेच अमेरिकन होती. खरी अॅनी न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती. तिथल्याच गरीब वस्तीत संसार करून ती १९२४मध्ये वारली आणि तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. कित्येक वर्षं गौरव भलत्याच बाईचा झाला. गौरवाने माणूस हरवला, जन्ममृत्यूच्या रुक्ष दाखल्यांनी शोधून दिला. कुलसंमेलनात फ्लेक्स लावताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

हा सिद्धान्त कुणाला अजूनही पटत नसेल तर त्याने आपल्याच कपाटातली फ्लॅटची फाइल उघडावी. डोंबिवलीतला इमारतीचा पत्ता ‘अमुक छाया, स्टेशनपासून पाच मिनिटं’ असा असेल, पण करारनाम्यात लिहिलेलं असतं: मौजे आयरे, किंवा मौजे चोळे, किंवा मौजे गजबंधन-पाथर्ली, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक. त्याखाली जमीनमालकाचं नाव, तो वारला तेव्हाचे वारस, त्यांतला एक वारला तेव्हाची त्याची बायको आणि चार मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुलींची सासरची नावं, सगळं क्रमवार. वकिलाने सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतून तीस वर्षांचा शोध घेऊन हे काढलेलं असतं, कारण कर्ज देणाऱ्या बँकेला खात्री हवी असते. म्हणजे ज्याला स्वतःच्या पणजीचं नाव सांगता येत नाही, असा तिसऱ्या मजल्यावरचा कोकणी गृहस्थ इथल्या एखाद्या आगरी घराण्याच्या तीन पिढ्या प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून लॉकरमध्ये ठेवतो, वर दरमहा हप्ता भरतो. देणं आहे तिथे वंशावळ आहे, याचा याहून जवळचा पुरावा देता येणार नाही. या हिशेबाने पुढच्या पिढ्यांना आपण कुठे सापडू तेही उघड आहे: गृहकर्जाच्या कागदांत आणि सोसायटीच्या फलकावर, मेंटेनन्स थकलेल्यांच्या यादीत. वेळेवर पैसे भरणाऱ्या सेक्रेटरीच्या नशिबी विस्मृती आहे.

या सगळ्या दप्तरांत एक माणूस जवळपास कुठेच नाही, ती म्हणजे घरातली बाई. जमीन तिच्या नावावर नव्हती, कर्ज तिला कुणी दिलं नाही, पटावर तिचं नाव लागलं नाही. लग्नात तिचं नावही बदललं, त्यामुळे माहेरच्या कागदात ती थांबते आणि सासरच्या कागदात ती ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ला जोडून येते. १९५६च्या वारसा कायद्यानंतर बहिणीचं नाव सातबाऱ्यावर चढू लागलं खरं, पण बऱ्याच ठिकाणी ते चढतं आणि हक्कसोडपत्राने लगेच उतरतं. कारणही आपल्या सिद्धान्ताला धरूनच आहे. दप्तर देणेकऱ्याला धरून ठेवतं, आणि बाई तर येणेकरी होती. घरच तिचं देणं लागत होतं, आणि आपण ज्याचं देणं लागतो त्याचं नाव लिहून ठेवण्याची घाई कुणालाच नसते. म्हणून पूर्वजांच्या शोधात रत्नागिरीची गाडी पकडण्याआधी एक काम करा. घरात आजी, मोठी आत्या, मावशी, जी कुणी असेल तिला तिचं माहेरचं पूर्ण नाव, तिच्या आईचं माहेर आणि त्या गावाचा तालुका विचारा, आणि लगेच वहीत शाईने लिहून खाली तारीख टाका. तारीख खरी टाका. १ जून नको.